मोरपंखी दोऱ्याची गादी

मोरपंखी रंग हिरवा असतो की निळा, यावर आमचं लग्न झाल्यापासून एकमत झालेलं नाही. मी म्हणते हिरवा. आमचे हे म्हणतात निळा. हे शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे रंगांच्या बाबतीत शेवटचा शब्द आपलाच, असा त्यांचा पक्का समज. मी आयुष्यभर कचेरीत फायली सांभाळल्या. पण माझा लग्नातला शालू मोरपंखी होता आणि तो हिरवा होता, हे मी आजही कुठंही लिहून द्यायला तयार आहे. हे म्हणतात, मोराची मान बघ. मी म्हणते, रंगाचं नाव मोरमानी नाही, मोरपंखी आहे, तेव्हा पंख बघा. हा वाद चहाबरोबर निघायचा आणि कपबशीबरोबर विसळला जायचा. तो कधी आम्हाला एवढा महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

जालन्यातलं आमचं घर आम्ही एका दमात बांधलं नाही. आधी खाली तीन खोल्या, चार-पाच वर्षांनी जिना, मग वर तीन खोल्या. मुलगी लहान होती तेव्हा ते घर कमी पडायचं. गावाकडून कोणी दवाखान्यात दाखवायला यायचं, कोणाचा मुलगा परीक्षेला यायचा, लग्नसराईत तर जिन्याखालीही माणसं झोपायची. नंतर हळूहळू सगळ्यांनी आपापली घरं बांधली, मुलगी पुण्याला संसाराला लागली, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघर आणि पुढची खोली एवढ्यातच कधी राहायला लागलो ते आम्हालाही कळलं नाही. उरलेलं घर आम्ही फक्त झाडत होतो. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागवायचा आणि ज्या फरश्यांवर कोणाचा पाय पडत नव्हता त्या पुसण्यात निम्मं पाणी घालवायचं. वरच्या फ्रिजमध्ये लोणच्याची एक बरणी वर्षभर एकटीच गारठत बसली होती.

एके सकाळी ओट्यावर बसून, विजेचं बिल डोळ्यांपासून लांब धरून हे म्हणाले, "दोन माणसं आपण, आन सहा खोल्यांचा खर्चा करून राह्यलो."

माझा गुडघा वर्षभरापासून हेच सांगत होता, फक्त त्याचं कोणी ऐकत नव्हतं. महिन्याभरात ठरलं. हे घर विकायचं आणि नव्या वस्तीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या घ्यायच्या. स्वयंपाकघर वेगळं, मागे हातभर अंगण, जिना नाही. मुलीला फोनवर सांगितलं तर ती आमच्यापेक्षा जास्त खूश झाली. तिनं लगेच एक नियम घालून दिला, वर्षभरात जे वापरलं नाही ते घराबाहेर काढायचं. त्यावर हे म्हणाले की मग सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागेल, निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी वापरलेलं नाही.

ते दोन महिने मला आता अर्धवट झोपेत घालवल्यासारखे आठवतात. मी एखादं कपाट उघडायची आणि तिथंच बसून राहायची. कशाला उघडलं होतं ते विसरून जायची. दुपारचं ऊन खिडकीतून आत यायचं आणि रिकाम्या झालेल्या जागेवरून सावकाश पुढे सरकायचं. वीस-पंचवीस वर्षं कपाटामागे राहिलेल्या भिंतीला पहिल्यांदाच ऊन लागायचं. तिथला रंग अजून नवाच होता. मी त्याला हात लावून बघायची आणि भिंतीचा तो तुकडा मला कोवळा वाटायचा. घर रिकामं होत गेलं तसे आमचे आवाज मोठे होत गेले. हे खाली खोकले की वरच्या खोलीतून कोणीतरी हळूच उत्तर दिल्यासारखं व्हायचं.

मन जड वगैरे झालं नव्हतं. खोटं कशाला बोलू? एकेक वस्तू दाराबाहेर गेली की अंगावरचं एकेक पांघरूण काढल्यासारखं मोकळं वाटत होतं. दोन मिक्सर होते, एक देऊन टाकला. परातींची चळत गेली. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या आणि पाहुण्यांना कधीच न दिलेल्या कपबश्या आम्ही दोघं रोज वापरायला लागलो. चहा गोड लागायचा त्यात. मला त्या घरातून खरं म्हणजे एकच वस्तू हवी होती, आणि ती कोणी माझ्याकडून मागून नेईल अशी भीती नव्हती. ती होती माझ्या आईची गादी.

वरच्या मागच्या खोलीत लोखंडी पलंगावर गाद्यांची थप्पी होती. सतरा गाद्या, पार छतापर्यंत गेलेल्या. सासरच्या, टेंभुर्णीच्या शेतातला कापूस वेचून झाला की सासूबाई गादीपुरता बाजूला काढायच्या आणि साल-दोन सालांनी एक गादी भरून इकडे धाडायच्या. ओळखीत कोणाचं लग्न निघालं की गाद्या न्यायला माणूस आमच्याकडेच यायचा. दहा घरांच्या गाद्या एका मांडवात पडल्या की परत येताना अदलाबदल व्हायची, म्हणून जो तो आपल्या गादीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे चार टाके घालून ठेवायचा. आमच्या गाद्यांना लाल दोरा होता. दोनच वेगळ्या होत्या. एकीला सासूबाईंनी निळे टाके घातले होते, लाल रीळ संपलं म्हणून. दुसरीला मी घातले होते, शालूवरच्या पोलक्यासाठी आणलेल्या मोरपंखी रिळाचे. ती दुसरी म्हणजे आईची.

माझं माहेर वाटूरचं. वडील गेल्यावर आई आणि शेताचा एक तुकडा, एवढंच तिथं राहिलं होतं. आम्ही घर बांधलं तेव्हा लेकीच्या घराला आपलंही काहीतरी पाहिजे, असं तिनं मनात घेतलं आणि गादी द्यायची ठरवली. कापूस घरचाच होता. तो जिनिंगला देऊन सरकी काढून आणणं सोपं होतं, पण तसं करेल तर ती माझी आई कसली? "मला दोन बोटं हायत की," ती म्हणाली. "मशीनीला कशाला पैशे द्यायचे?" हिवाळ्यातल्या दुपारी ती उंबऱ्यात पाय पसरून बसायची आणि कापसातून एकेक सरकी बोटांनी सोडवायची. असे दोन हिवाळे गेले. आमची वास्तुशांत होऊन दीड वर्ष झाल्यावर तिची गादी आली.

ती आली एसटीनं. कंडक्टरनं गादीचं तिकीट मागितलं. आईनं हुज्जत घातली नाही, मुकाट्यानं तिकीट काढलं आणि गुंडाळलेली गादी उचलून खिडकीजवळच्या सीटवर बसवली. तिकीट काढलंय तर ती उभ्यानं का जाईल, असं तिचं म्हणणं. स्वतः कडेला बसली. जालना येईपर्यंत त्या गादीला कोणी उठवलं नाही. हे सांगताना आईच्या चेहऱ्यावर जे काही असायचं ते मी नंतर कोणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नाही.

आईची नजर तेव्हाच कमी झाली होती, त्यामुळे कापसात बरीच सरकी तशीच राहिली होती. झोपलं की पाठीला टोचायची. पाहुण्यांची गर्दी असली आणि ती गादी ह्यांच्या वाट्याला आली की सकाळी ठरलेलं वाक्य यायचं, तुझ्या आईनं गादी दिली का शिक्षा? आईसमोरही म्हणायचे. ती हसायची. मला तर काहीच टोचत न्हाई, म्हणायची आणि आली की त्याच गादीवर झोपायची.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून कधी कधी दुपारी, हे पेपर तोंडावर घेऊन झोपले की मी वर जायची. थप्पीतून ती गादी ओढून फरशीवर टाकायची आणि तिच्यावर पडायची. कुठं काय टोचतं ते मला पाठ झालं होतं. एक सरकी डाव्या खांद्याखाली, दोन कमरेजवळ, एक पार पायथ्याला. डोळे मिटले की वाटूरचा फाटा दिसायचा. चारी रस्त्यांनी गाड्या यायच्या, पण एकीचाही आवाज नसायचा. रस्ता ओलांडला की आमचा उंबरा, उंबऱ्यात आई, मांडीत पांढरं काहीतरी. ती मान वर करायची नाही. मीही हाक मारायची नाही, कारण हाक मारली की जाग येणार हे मला झोपेतही ठाऊक असायचं. तासाभरानं उठून गादी होती तशी ठेवायची आणि खाली येऊन चहा टाकायची. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. साठी उलटलेली बाई आईची गादी ओढून झोपते, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

नव्या घरात सतरा गाद्या मावणार नव्हत्या. ह्यांनी एक पिंजारी शोधला. तो छोट्या टेम्पोवर पिंजायचं मशीन घेऊन दारात येणार, जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजणार आणि त्यातून चार नव्या गाद्या भरून देणार. उरलेला कापूस त्यानं न्यायचा, तीच त्याची मजुरी. खिशातला पैसा जाणार नाही, म्हणून हे दोन दिवस शीळ घालत फिरत होते. चारांतल्या दोन आम्हाला, दोन लेक-जावयाला. मला हे सगळं मान्य होतं. एक गादी सोडून.

नेमकं त्याच सकाळी नव्या घरी नळाचं काम करायला माणूस येणार होता, म्हणून मला जावं लागलं. चपला घालता घालता मी ह्यांना म्हटलं, "मोरपंखी दोऱ्याची गादी तेवढी बाजूला काढून ठेवा."

बराबर ठेवतो, म्हणाले.

आईची गादी असं मी का म्हटलं नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. म्हटलं असतं तर ह्यांनी, ती टोचणारी का, म्हणून विचारलं असतं आणि हसले असते. त्या सकाळी मला ते हसणं नको होतं. एवढंच कारण.

दुपारी परत आले तर फाटकापासूनच सगळं पांढरं. पिंजारी अंगणात काम करत होता. मशीनचा एकसारखा घूं आवाज येत होता आणि हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. कढीपत्त्याचं झाड पांढरं, तारेवरचे कपडे पांढरे, ह्यांच्या भुवया पांढऱ्या. ऊन त्या तंतूंतून गाळून येत होतं आणि कशालाच कडा राहिल्या नव्हत्या. अंगणाच्या मधोमध कापसाचा ढीग, माझ्या छातीएवढा. मी पायरीवर बसले. मला वाटलं, हे घर आता असंच हळूहळू हवेत विरघळून जाईल आणि आपण नुसतं बघत बसायचं. फार बरं वाटत होतं. इतकं बरं मला त्या घरात बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

मशीन थांबलं. पिंजाऱ्यानं खालची जागा झाडली आणि सुपलीत काहीतरी भरून माझ्याकडे आणलं.

"मावशी, ही सरकी कोनत्या गादीत व्हती?" तो म्हणाला. "लय निघून राह्यली."

सुपलीत मूठभर काळपट बिया होत्या, बारीक लव असलेल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आमच्या बाकीच्या सगळ्या गाद्यांचा कापूस जिनिंगमधून आलेला होता. त्यात सरकी असायचं काही कारणच नव्हतं.

मी ह्यांना विचारलं, बाजूला काढलेली गादी कुठं आहे? हे मोठ्या तोऱ्यात आत गेले आणि गादी घेऊन आले. कोपरा माझ्यापुढे धरला. चार टाके, निळे. सासूबाईंचे. माझा चेहरा पाहून ह्यांना काहीतरी चुकलं एवढं कळलं, पण काय ते कळेना. "मोरपंखीच हाय की," म्हणाले. "मोराची मान..." आणि मधेच थांबले.

"ती आईची होती," मी म्हटलं.

मी पिंजाऱ्याला विचारलं, ती गादी शेवटी उसवली असेल, तर तिचा कापूस ढिगाच्या वरच असेल ना? तो बिचारा ओशाळला. आता कसा वेगळा करनार मावशी, म्हणाला, पिंजल्यावर सगळा एकच कापूस. खोळींचं फाटकं कापड भिंतीशी पडलं होतं. मी त्यातला मोरपंखी टाक्यांचा कोपरा शोधून काढला. तो हिरवा होता. उन्हात, अंगणात, सगळ्यांसमोर स्वच्छ हिरवा. वाद मी जिंकला होता आणि मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

संध्याकाळच्या आत चार गाद्या भरून झाल्या. गादीपाटाचं नवं कापड, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, चारही अगदी एकसारख्या. उरलेला कापूस गाठोडी बांधून टेम्पोत गेला. त्यातला कितीतरी आईचा असणार. तो आता कोणाच्या गादीत, कोणाच्या उशीत जाणार होता कोण जाणे. मला ह्यांचा राग आला होता, पिंजाऱ्याचा आला होता, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. जेवायला वाढलं, पण शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी ह्यांनीच विषय काढला. "मला खरंच ठाव नव्हतं," म्हणाले. "तू तर त्या गादीवर कधी झोपलीच न्हाईस."

"झोपत होते," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. कधी, म्हणून विचारलं नाही. उठून मागे गेले. नंतर मी पाहिलं तर सुपलीतली ती सरकी ह्यांनी एका वाटीत काढून देवळीत ठेवली होती.

पाडव्याच्या आधी आम्ही नव्या घरी आलो. सामान एका छोट्या टेम्पोत मावलं, वर जागाही उरली. इथं झाडायला पाच मिनिटं लागतात. टँकर लागत नाही, एक फ्रिज पुरतो, आणि विजेचं बिल आलं की हे आता ते जवळ धरून वाचतात. मोलकरणीची गरज उरली नाही. भाजीही दोन दिवसांची एकदम आणायची सवय गेली, कारण ठेवायला जागा नाही. मुलगी येऊन राहून गेली, आई तू हलकी दिसतेस म्हणाली. खरंच होतं ते. फक्त दुपारी काय करावं ते मला समजायचं नाही. वर जायला जिनाच नव्हता. ह्यांनी मागच्या अंगणात तेलाच्या डब्यात माती भरून त्यातली थोडी सरकी पेरली. रोज सकाळी वाकून बघायचे. एवढी जुनी, ती काय उगवणार? उगवली नाही. ह्यांनी डबा अजून काढलेला नाही.

आमचे दोन लोखंडी पलंग इथं जोडून मांडले आहेत. एक भिंतीकडे, तो ह्यांचा. एक दाराकडे, तो माझा. दोन्हींवर पिंजाऱ्यानं भरलेल्या गाद्या. सारख्याच मऊ, सारख्याच उंच. कोपऱ्यात कोणताच दोरा नाही. निळ्या टाक्यांची पलंगाखाली आहे.

वैशाखातली दुपार होती. बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडला होता आणि खिडकीला ओला पडदा लावलेला. माझा डोळा लागत होता, पण वाटूरचा फाटा काही येत नव्हता. नवं घर लागलं की स्वप्नांनाही पत्ता सापडायला वेळ लागत असेल, असं काहीतरी मी स्वतःला सांगत होते. शेजारी हे कूस बदलत होते. एकदा, दोनदा, तीनदा.

"काहीतरी टोचून राह्यलं," म्हणाले.

मी उठून बसले. कुठं, म्हणून विचारलं. ह्यांनी हातानं जागा दाखवली. मी तिथं बोट दाबलं. नव्या खोळीच्या आत, मऊ कापसात, हरभऱ्याच्या डाळीएवढं काहीतरी कडक होतं. मी बोट काढलंच नाही. हे माझ्या बोटाकडे बघत होते. मशीनमधून निसटून, सोळा गाद्यांच्या कापसातून वाट काढत ती इथं आली होती, आणि आली ती नेमकी तिच्याबद्दल तीस वर्षं तक्रार करणाऱ्या जावयाच्या पाठीखाली. आईला हे फार आवडलं असतं.

मग हे उठले, उशी काखेत मारली आणि वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"सरक तिकडं," म्हणाले. "मला हिकडं वारं बराबर लागतं."

मी सरकले. डाव्या खांद्याखाली ती बरोबर आली. मी डोळे मिटले.

तेव्हापासून भिंतीकडची गादी माझी आहे. पंखा खोलीच्या अगदी मधोमध आहे.